गुलाब घेताना फूल नव्हे, पान पाहा

पावसाळा सरला की रोपे विकणाऱ्यांचे हातगाडे गावोगाव फिरू लागतात. काळ्या पिशवीतले गुलाबाचे रोप, त्यावर एकच टपोरे फूल, आणि गिऱ्हाईक त्या फुलाच्या रंगावर भाव ठरवते. घरी आणून रोप अंगणात लावले जाते. थंडीत दोन-चार फुले येतात, घरात आनंद होतो. मग पुढचा पावसाळा येतो. पानांवर काळे ठिपके पडतात, पाने पिवळी होऊन गळतात आणि सप्टेंबरपर्यंत काटेरी काड्या तेवढ्या उरतात. मग औषधाच्या दुकानाची वाट धरावी लागते.

भोकरदनसारख्या गावात घरापुढे किंवा दुकानापुढे गुलाब लावणारे पुष्कळ आहेत. काहींना तो हौसेसाठी हवा असतो. काहींचा हार, सेहरा, चादर यांचा धंदा असतो. काही घरांत गुलकंद तयार होतो. या सर्वांच्या कामाची एक गोष्ट या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. गुलाबाचा रोग पावसाळ्यात दिसतो खरा, पण त्याचा निम्मा निकाल रोप विकत घेतो त्या दिवशीच लागलेला असतो. रोगाला दाद न देणारी जात निवडली तर औषधाचा खर्च, फवारणीची मेहनत आणि विषाची धास्ती, तिन्ही कमी होतात.

आपली हवा, आपली माती

मिरची लावणाऱ्या शेतकऱ्याला जातीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची आणणारा माणूस बियाणे घेतानाच विचारतो, या जातीवर चुरडा-मुरडा किती येतो? गुलाब घेताना मात्र तोच माणूस फक्त रंग विचारतो. हा प्रश्न गुलाबालाही लावला पाहिजे.

जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण 650 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री गार असतात. म्हणजे एकाच झाडाला वर्षात तीन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात: ओली पाने, कोरडा उन्हाळा आणि गार रात्री. थंड, डोंगराळ मुलखात निवडलेली जात या तिन्हींत पास होईलच असे नाही.

मातीचीही गोष्ट तशीच. केळणा नदीच्या काठची काळी जमीन कापसाला चांगली आहे, पण ती पाणी धरून ठेवते, आणि गुलाबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. शिवाय आपल्या बऱ्याच जमिनीत चुना जास्त आहे. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

दुखणे ओळखा, मग इलाज

जात निवडायची तर कोणत्या रोगाविरुद्ध निवडायची हे आधी ठाऊक असावे. आपल्या भागात मुख्य दुखणी तीन.

पहिले काळा ठिपका. ही एक बुरशी आहे. पानाच्या वरच्या बाजूस काळे, कडेला झालर असल्यासारखे फाटलेले डाग दिसतात. डागाभोवती पान पिवळे पडते आणि गळते. या बुरशीचे बीज उगवायला पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. ते पावसाच्या किंवा नळीच्या पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. म्हणून रोग खालच्या पानांपासून सुरू होतो आणि वर चढतो. गळालेल्या पानांत आणि काड्यांवरच्या डागांत बुरशी दडून राहते. कडक उन्हाळ्यात ती दबते, पण मरत नाही.

दुसरे भुरी. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पांढरी पीठासारखी पूड दिसते, पाने वाकडी होतात, कळ्या नीट उमलत नाहीत. भुरीचा स्वभाव काळ्या ठिपक्याच्या उलट आहे. तिला पानावर पाणी साचलेले नको असते. कोरडा उबदार दिवस आणि गार दमट रात्र तिला आवडते. म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नेमका फुलांचा आणि लग्नसराईचा हंगाम. फुलांचा धंदा करणाऱ्याला भुरी जास्त महाग पडते ती यामुळे.

तिसरे शेंडेमर. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी होत खाली वाळत येते. मोसंबीच्या बागेत आपण सल काढतो, तसाच हा प्रकार समजावा. छाटणीच्या उघड्या जखमेतून बुरशी आत शिरते, आणि झाड आधीच अशक्त असेल तर फांदीमागून फांदी जाते.

याशिवाय एक दुखणे रोग नसून रोगासारखे दिसते. नवीन पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. डाग नाही, पूड नाही. ही लोहाची उणीव आहे. यावर बुरशीचे औषध मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. कुजलेले शेणखत, पाण्याचा चांगला निचरा आणि गरज पडल्यास चिलेटेड लोह हा त्याचा इलाज. कपडे-भांड्यांचे साबणाचे पाणी गुलाबाला घालण्याची अनेक घरांत सवय असते, ती सोडावी. त्याने जमीन आणखी बिघडते.

उन्हाळ्यात लाल कोळीही येतो. पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी व फिकट ठिपके दिसतात. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दिला की तो बराच आटोक्यात येतो. कडक उन्हात पान लगेच वाळते, म्हणून या दिवसांत पान भिजण्याची भीती नाही.

रूप वाढले, ताकद घटली, असे का झाले?

गुलाबाच्या काही जाती लवकर आजारी पडतात, काही तग धरतात. याला कारण त्यांची वंशावळ आहे.

युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधले गुलाब तिकडे पोहोचले आणि बारमाही फुलण्याचा गुण त्यांच्याकडून आला. पण गर्द पिवळा रंग बागेतल्या गुलाबांत नव्हता. तो होता इराण व मध्य आशियाकडच्या एका पिवळ्या गुलाबात. त्याची दुहेरी पाकळ्यांची जात ‘पर्शियन यलो’ 1837 साली इंग्लंडमध्ये पोहोचली. फ्रान्समधील लिआँ शहरचे पर्ने-ड्यूशे यांनी तिच्याशी संकर करून 1900 साली ‘सोलेई दोर’ ही जात बाजारात आणली. आजच्या पिवळ्या, केशरी व दुरंगी गुलाबांपैकी बहुतेकांच्या रक्तात हा वंश आहे. रंग मिळाला, पण त्या इराणी गुलाबावर काळा ठिपका फार येतो. ते दुबळेपणही रंगाबरोबर वारशात आले. कोरड्या मुलखातल्या झाडाला ओल्या पानांच्या रोगाशी लढण्याची सवय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे निवड करणाऱ्यांनी फुलाचा आकार, रंग आणि देठाची लांबी यांकडेच जास्त लक्ष दिले. पानाचे आरोग्य औषधावर सोपवले गेले. ‘सुपर स्टार’ हे याचे ठळक उदाहरण. जर्मनीच्या तांताऊ यांनी 1960 साली आणलेली ही शेंदरी जात जगभर गाजली, आपल्या रोपवाटिकांतही पोहोचली. पण भुरीला ती चटकन बळी पडते.

याचा अर्थ सर्व पिवळे गुलाब वाईट आणि सर्व गुलाबी चांगले, असा नाही. पण पिवळे किंवा केशरी रोप घेताना दुप्पट चौकशी करावी, एवढा धडा त्यातून घ्यावा.

बाहेरच्या जगाने घेतलेली कसोटी

जर्मनीत 1948 पासून नव्या गुलाबांची परीक्षा घेतली जाते. निरनिराळ्या हवेच्या ठिकाणी झाडे लावून त्यांना गुण देतात आणि उत्तीर्ण जातींना ‘एडीआर’ ही खूण मिळते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेथे नियम झाला की परीक्षेच्या काळात बुरशीचे औषध मारायचेच नाही. त्यामुळे जात खरोखर किती निरोगी आहे ते उघडे पडू लागले.

आपल्याला जास्त जवळची परीक्षा अमेरिकेतील टेक्सास राज्याची आहे. तेथील कृषी विद्यापीठाने ‘अर्थ-काइंड’ नावाने गुलाबांच्या चाचण्या घेतल्या. टेक्सासच्या काही भागांत आपल्यासारखीच चिकण, चुनखडीची काळी जमीन आणि भाजून काढणारा उन्हाळा आहे. तेथे झाडांना औषध दिले नाही, लाड केले नाहीत, मुळांवर आच्छादन तेवढे ठेवले. टिकलेल्या जातींच्या यादीत ‘द फेअरी’, ‘म्युटॅबिलिस’, ‘डचेस द ब्राबाँ’ अशी जुनी नावे आहेत. यांपैकी अनेक जाती चिनी व टी गुलाबांच्या घराण्यातल्या आहेत. उष्ण मुलखाला हे घराणे मानवते. विल्यम रॅडलर यांची 2000 साली आलेली ‘नॉक आउट’ ही जातही त्या यादीत आहे. काळ्या ठिपक्याविरुद्ध तिची ख्याती मोठी आहे.

आपल्या देशातही या कामाची परंपरा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल (1906–1989) यांनी तांबेऱ्याला दाद न देणारे गहू तयार करण्यात आयुष्य घातले, आणि हेच पालसाहेब गुलाबांचेही मोठे संकरकार होते. तमिळनाडूत कोडाईकनाल येथील एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवेत टिकणारे गुलाब तयार करण्यासाठी भारतातल्या रानगुलाबांशी संकर केले. त्यांतला एक रानगुलाब पाणथळ जागी वाढणारा आहे. ज्या मुलखात झाड राहणार, त्या मुलखाचे रक्त त्यात हवे, हा त्यामागचा विचार.

मग आपण काय लावावे?

अंगणात एखादे-दोन झाड हवे आणि फवारणी नको, अशांनी पहिला मान गावठी गुलाबाला द्यावा. शेजारच्या अंगणात दहा-पंधरा वर्षे औषधाविना उभे असलेले झाड हा रोपवाटिकेच्या कोणत्याही चिठ्ठीपेक्षा मोठा पुरावा आहे. फूल लहान असते, देठ आखूड असतो, पण सुवास असतो आणि झाड फांदीवरून करता येते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी पावसाळ्यात सावलीत लावली तर तिला बहुधा मुळ्या फुटतात.

पाकळ्यांसाठी उत्तर भारतात व दक्षिणेत ‘एडवर्ड’ गुलाब लावतात. त्याचा वंश हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरच्या कुंपणांतला आहे. उष्ण हवा त्याला सोसते. मात्र पावसाळ्यात त्यावर काळा ठिपका अजिबात येणार नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कन्नौजच्या अत्तरासाठी प्रसिद्ध असलेला चैती गुलाब हा वेगळा. तो वसंतात एकदाच फुलतो आणि त्याला थंडी लागते. आपल्याकडे त्याच्या भरवशावर धंदा मांडू नये.

लाल, सुवासिक फुलांसाठी ‘ग्रुस आन टेप्लित्झ’ ही 1897 सालची जुनी जात आहे. पाकिस्तानात पंजाबकडे हिला ‘सुर्खा’ म्हणतात आणि हारांसाठी तिची शेती होते. झाड दणकट, फुलांचा बहर वारंवार. फूल मान टाकते म्हणून गुलदस्त्याला चालत नाही, हाराला चालते. हिवाळ्यात भुरीकडे मात्र लक्ष ठेवावे लागते.

मोठ्या फुलांची हौस असेल तर ‘क्वीन एलिझाबेथ’ घ्यावी. 1954 साली अमेरिकेत तयार झालेली ही गुलाबी जात उंच, जोमदार आणि पानांनी निरोगी म्हणून सत्तर वर्षे नाव राखून आहे. पांढऱ्यात ‘आइसबर्ग’ (1958) चांगली. उन्हात ती भरपूर फुलते, पण दाट, ओलसर कोपऱ्यात लावली तर तिलाही काळा ठिपका गाठतो.

महाराष्ट्रात उघड्या शेतात ‘ग्लॅडिएटर’ फार लागतो. पुणे, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी त्यावर चांगला पैसा केला आहे. झाड जोरकस आहे यात शंका नाही, पण तेथील शेतकरी वेळापत्रकाने फवारणी करतात हेही ध्यानात घ्यावे. औषधाविना लावायचे असेल तर दोन झाडांवर अनुभव घ्यावा, मग वाढवावे.

मावळ-तळेगावकडच्या हरितगृहांतला लांब देठाचा लाल गुलाब पाहून अनेकांना मोह होतो. तो प्लास्टिकच्या छताखाली, ठिबकावर, पान भिजू न देता वाढवलेला असतो. त्याला उघड्या अंगणात आणून पावसात उभा करणे म्हणजे एअर कंडिशनरमध्ये वाढलेल्या मुलाला एकदम भट्टीवर कामाला लावण्यासारखे आहे.

खुंट विचारायला विसरू नका

रोपवाटिकेतला गुलाब सहसा डोळा भरून केलेला असतो. वर जातीचा डोळा आणि खाली दुसऱ्याच गुलाबाचा खुंट. पाणी-माती सोसण्याची ताकद खुंटाची असते. चुनखडीच्या व थोड्या खारवट जमिनीसाठी ‘रोझा इंडिका ओडोराटा’ हा खुंट आपल्या देशात चांगला मानतात. विक्रेत्याला नाव सांगता आले नाही, तर कलम कोणत्या भागातून आले तेवढे तरी विचारावे. डोळ्याच्या जोडाखालून येणारी फूट ही खुंटाची असते. ती वरून न छाटता मुळाशी मोडून काढावी. नाहीतर दोन वर्षांत जात मरते, खुंट राहतो आणि आपण म्हणतो की गुलाब बदलला.

रोप पारखण्याची रीत

रोप घेण्यासाठी डिसेंबरची वाट पाहू नये. ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा रोपवाटिकेत फेरी मारावी. तेव्हा पाऊस प्रत्येक जातीची परीक्षा घेत असतो. ज्या वाफ्यात खालची पाने टिकून आहेत, त्या जातीचे नाव वहीत लिहून ठेवावे आणि खरेदी ऑक्टोबरात करावी.

रोप हातात घेतले की आधी खालची पाने पाहावीत. वरच्या पानांवरून काही कळत नाही, ती नवी असतात. मग पान उलटून पाहावे. काड्यांवर जांभळट-काळे डाग आहेत का, जोड घट्ट आहे का, छाटलेले टोक काळे पडत खाली आले आहे का, हे पाहावे. जाड, चामड्यासारखे, गर्द हिरवे पान ही चांगली खूण आहे, पण खात्री नव्हे. नुसती चकाकी फसवते. फार फुले असलेले रोप टाळून तीन-चार दणकट काड्यांचे, बिनफुलाचे रोप घेणे शहाणपणाचे.

आणि एक सरळ प्रश्न विचारावा: “चाचा, या रोपाला पावसाळ्यात किती वेळा औषध मारलं?” जो विक्रेता खरे सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

लावणी व वर्षाची राखण

चांगली जातही वाईट जागी आजारी पडते. निदान सहा तास ऊन, त्यातही सकाळचे ऊन मिळेल अशी जागा हवी. सकाळच्या उन्हाने दव लवकर सुकते आणि सात तास ओले पान बुरशीला मिळत नाही. दोन झाडांत 75 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवावे. भिंतीला चिकटून, वारा न फिरणाऱ्या कोपऱ्यात गुलाब लावू नये.

दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात माती, कुजलेले शेणखत व थोडी जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून भरावे. काळ्या जमिनीत झाड वीतभर उंच वाफ्यावर लावावे, म्हणजे पाणी साचणार नाही. डोळ्याचा जोड मातीच्या वर राहू द्यावा. रोजचे पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. पावसाळ्यात व हिवाळ्यात नळीने झाड न्हाऊ घालू नये.

गळालेली व डागाळलेली पाने आठवड्यातून एकदा वेचून जाळावीत. खतात टाकू नयेत. मुळाशी वाळलेल्या गवताचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. त्याने पावसाचे शिंतोडे मातीवरून पानावर उडत नाहीत आणि उन्हाळ्यात ओल टिकते.

मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करावी. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत फुले लागतात, हे धरून लग्नसराईचा हिशेब बसवता येतो. मे-जूनमध्ये हलकी छाटणी करतात. कात्री धारदार असावी. रोगट झाड छाटल्यावर कात्री स्पिरिटने पुसावी. कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावावे: 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात. दोन्ही निरनिराळे भिजवून मग एकत्र करावे आणि भांडे लोखंडी नसावे. सल दिसली तर हिरव्या, निरोगी भागापर्यंत कापून मलम लावावे.

इतके करूनही भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक हा जुना, स्वस्त इलाज आहे. कडक उन्हात ते मारू नये, पाने भाजतात. इतर कोणतेही औषध घेताना डब्यावर गुलाबाचे नाव आहे का ते वाचावे. जालन्याजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगट फांदी घेऊन तेथे सल्ला घेणे दुकानदाराच्या अंदाजापेक्षा बरे.

फूलवाल्याचा व गुलकंदवाल्याचा हिशेब

आता धंद्याचे बोलू. नाजूक जातीला पावसाळ्यात दर दहा दिवसांनी औषध मारायचे ठरवले, तर जून ते सप्टेंबर बारा फवारण्या होतात. पावसाने औषध धुतले गेले की पुन्हा मारा. औषधाचा पैसा, पंपाचे भाडे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी यांना बाराने गुणून पाहावे. दणकट जातीचे फूल बाजारात थोडे कमी भावाने गेले तरी हाती काय उरते, ते या गुणाकारानंतरच कळते. व्यापारी माणूस विक्रीचा भाव लगेच सांगतो. झाडामागे झालेला खर्च मात्र क्वचित मांडतो.

गुलकंदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथे पाकळी पोटात जाते. पाकळ्या व साखरेचे थर बरणीत घालून उन्हात ठेवल्याने औषधाचे विष नाहीसे होत नाही. बिर्याणीवर, शरबतात, मिठाईवर पाकळ्या टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. हाराचा किंवा गुलदस्त्याचा बाजारी गुलाब खाण्यासाठी कधीच वापरू नये. तो खाण्यासाठी वाढवलेला नसतो. खाण्याच्या पाकळ्यांसाठी गावठी किंवा एडवर्डसारख्या झाडांची वेगळी ओळ ठेवावी आणि तिच्यावर विषारी औषध मारू नये. म्हणजे गुलकंदवाल्यासाठी निरोगी जात ही हौस राहत नाही, धंद्याची पहिली अट होते. विक्रीसाठी गुलकंद करणाऱ्याला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करावी लागते.

अंगणात मुले खेळतात, कोंबड्या-शेळ्या फिरतात, कपडे वाळतात. शेतात औषध मारून माणूस घरी येतो. अंगणात मारले तर औषधच घरात येते. हा धोका टाळता येत असेल तर फुलाचा आकार बोटभर कमी झाला तरी तो सौदा तोट्याचा नाही.

आपली परीक्षा आपणच घ्यावी

रोगाला दाद न देणारी जात म्हणजे रोग कधीच न होणारी जात नव्हे. काळ्या ठिपक्याच्या बुरशीचे अनेक वंश आहेत. एका देशात टिकलेली जात दुसऱ्या देशातल्या वंशापुढे हरते. ‘नॉक आउट’चेच पाहा. काळ्या ठिपक्याला ती पुरून उरली, पण अमेरिकेत ‘रोझ रोझेट’ नावाच्या विषाणू रोगाने तिचीही झाडे मारली. म्हणून यादी परदेशची असो वा पुण्याची, शेवटचा निकाल भोकरदनच्या पावसानेच द्यायचा आहे.

त्यासाठी आमची सूचना साधी आहे. तीन जाती निवडा, प्रत्येकी दोन रोपे घ्या आणि एक पूर्ण पावसाळा औषधाविना जाऊ द्या. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर कोणत्या झाडावर किती पाने राहिली ते वहीत लिहा, जशी उधारी लिहितो तशी. ज्यावर निम्म्याहून अधिक पाने टिकली ते झाड ठेवा, त्याचीच पुढे वाढ करा. जे उघडे पडले ते काढून टाका, त्याच्यावर जीव अडकवू नका.

यात एक छोटा धंदाही दडलेला आहे. ज्याच्याजवळ थोडी जागा आणि डोळा भरण्याचा हात आहे, अशा तरुणाने भोकरदनच्या दोन-तीन पावसाळ्यांत पारखलेल्या जातींची रोपे तयार करावीत. जुन्या जातींना अडचण नाही. 2001 च्या कायद्याखाली नोंदलेल्या नव्या जातींची रोपे करून विकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. बाहेरून आलेल्या टेम्पोतला माल फूल दाखवून विकला जातो. गावातल्या माणसाने पान दाखवून विकावा, आणि कोणत्या जातीला हिवाळ्यात भुरी येते, कोणतीला पावसाळ्यात जपावे लागते, तेही आधीच सांगावे. मालातला ऐब सांगून माल विकणे ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे. रोपांच्या धंद्यात तर ती फायद्याचीही आहे. कारण गिऱ्हाईकाचे झाड पुढच्या सप्टेंबरात हिरवे राहिले, तर दुसरे रोप घ्यायला ते दुसरीकडे जाणार नाही.